वाडी दाखवायची आहे

शनिवारी सकाळी काकांचा फोन आला तेव्हा मी महाडच्या बाजारात भाजी घेत होते. "येताना केळीची पानं आण. मोठी आण, फाटलेली नको," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, पंगतीसाठी असतील. मुंबईकडची सगळी भावकी त्या शनिवार-रविवारी गावी जमणार होती. मी पानांचा भारा घेतला, डेपोत जाऊन पोलादपूरची एसटी पकडली आणि पानं मोडू नयेत म्हणून सगळा रस्ता तो भारा मांडीवर घेऊन बसले.

हे काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून आमच्या घरात वडीलधारं माणूस तेवढंच उरलंय. कापडे गावाच्या पुढे, डोंगराला टेकून आमची वाडी होती. 'होती' असंच आता लिहावं लागतं. काही वर्षांपूर्वी पावसात वरचा डोंगर सुटला आणि वाडीवर आला. काका त्या दिवशी औषध आणायला पोलादपूरला गेले होते आणि रस्ते पाण्याखाली गेल्यामुळे तिथंच अडकले. काकी घरात होती. मी महाडात सावित्री नदीचं पाणी आमचा जिना चढताना बघत होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं, आपली माणसं उंचावर आहेत. पाणी ओसरल्यावर खरं काय ते कळलं. वाडीतली गेलेली बाकीची माणसं एकेक करून सापडली. काकी सापडली नाही. यंत्रं आली, माणसं आली, पण पाऊस हटेना आणि चिखल पुन्हा खाली सरकायला लागला, तेव्हा शोध थांबवला.

माझ्या चुलतभावानं मात्र थांबवला नाही. काका-काकींचा हा एकुलता मुलगा माझ्याहून लहान, ठाण्याजवळ दिव्याला राहतो, कारखान्यात कामाला आहे. पावसाळा सरला की सुट्टी मिळेल तेव्हा तो येतो, पहार आणि फावडं खांद्यावर टाकून एकटा वर जातो आणि अंधार पडेपर्यंत उकरत राहतो. आजवर त्याला एक तवा सापडलाय आणि एक चप्पल. ती काकीची नव्हती. तो उतार अजून बसलेला नाही. जरा पाऊस झाला की वरून धोंडे येतात, उन्हाळ्यातसुद्धा माती आपोआप घसरते. काका खाली दरडग्रस्तांच्या वसाहतीत आपल्या पत्र्याच्या खोलीच्या दारात बसून डोंगराकडं बघत असतात, आणि पोरगा परत दिसेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. मला एकदा म्हणाले होते, "ती गेली ती गेली गो. ह्यो पन तितंच जायचा." पोरानं तो डोंगर सोडावा, याखेरीज त्यांना आयुष्याकडून आता काही नको होतं.

म्हणून ते दर पितृपक्षात, दर अवसेला त्याच्या मागं लागायचे, की आईची वाडी दाखव.

आमच्याकडं वाडी दोन. एक माणसांनी राहायची. दुसरी गेलेल्यांची. त्यांच्या आवडीचं जेवण पानावर वाढायचं, ते पान कौलावर ठेवायचं, कावळ्यानं तोंड लावलं की मग घरच्यांनी जेवायला बसायचं. याला वाडी दाखवणं म्हणतात. आईची वाडी लेकानं दाखवायची. आणि एकदा ती दाखवली की ते माणूस गेलेल्यांत जमा झालं, मग त्याचा शोध घ्यायचा नसतो. भावाला हे पक्कं ठाऊक होतं. त्यामुळंच तो दरवेळी म्हणायचा, "सापडू दे, मग दाखवतो."

मी पोचले तर काका दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. खोलीत काळे वाटाणे भिजत घातलेले, सुके बोंबील निवडून ठेवलेले, नाचणीचं पीठ चाळलेलं. शेजारची सून वड्यांच्या पिठात हळद घालत होती. बोंबलाची चटणी आणि नाचणीची भाकरी हे काकीचं जीव की प्राण. मी पानांचा भारा खाली ठेवला.

"उद्या अवस हाय," काका म्हणाले. "पोरानं बरोबर दिवस धरला. मला सांगाय पन लागलं नाय."

मला जरा वेळ काही समजलं नाही. मग समजलं आणि मी फोन काढून ग्रुप उघडला. भावकीच्या ग्रुपवर भावानं लिहिलं होतं, 'रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून वाडी दाखवायची आहे, कोणी चुकवू नका.' मी ते वाचून होकाराचा अंगठा टाकला होता. मला वाटलं, मुंबईत जन्मलेल्या पोरांना आमची जागा दाखवायची आहे. सगळ्यांना तेच वाटलं. काकांना वाचता येत नाही. शेजारच्या सुनेनं त्यांना ते वाचून दाखवलं आणि त्यांनी त्याचा आपल्या मनात इतकी वर्षं बसलेला अर्थ घेतला. त्यात रविवारी अमावास्या. सणाला घालावा तसा सदरा घालून तो माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि तुमचा काहीतरी घोटाळा होतोय असं सांगायला माझी जीभ रेटेना.

दुपारी मुंबईची गाडी आली. पुढं विरारचा दादा. हा आमचा थोरला चुलतभाऊ, या संमेलनाचा सूत्रधार. भावकीतल्या कुठल्याही गोष्टीचं संमेलन करायची त्याला भारी हौस. त्यानं सगळ्यांसाठी पिवळे टी-शर्ट छापून आणले होते, छातीवर 'आपली मुळं, आपली माती'. माती हा शब्द त्या घरी छापून आणायचा म्हणजे काय, हे गाडीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. रागवायला मला फार निमित्त लागत नाही असं माझ्या घरचे म्हणतात, पण त्या दिवशी मला खरंच कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली. काकांनी टी-शर्ट हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि नीट घडी करून उशाला ठेवला.

भाऊ मागच्या टेम्पोतून आला. टेम्पोत ताडपत्रीखाली फावडी होती, पहारी होती, घमेली होती. भरपूर होती. मी त्याला वसाहतीच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी गाठला.

"हे काय आहे?"

"एवढी माणसं आलीत ताई. एक दिवस सगळ्यांनी हात लावला तर घराची जागा मोकळी होईल. मी एकटा किती करणार?"

"तू म्हणालास वाडी दाखवायची आहे."

"मग? वाडीच दाखवणार. एकदा डोळ्यांनी बघितली की आपसूक फावडं उचलतील."

मी त्याला खोलीतल्या वाटाण्यांचं आणि बोंबलांचं सांगितलं. तो टाकीला टेकला. त्याचा चेहरा एकदम उतरला, आणि मला त्याची दयाही आली आणि रागही आला.

"तू सांग त्यांना," तो म्हणाला. "मला नाही जमायचं."

"मलाही नाही जमायचं. लिहिलंस तू."

मग दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

संध्याकाळी अंगणात सगळे गोल करून बसले. विरारच्या दादानं फोन चालू करून काकांसमोर धरला आणि विचारलं, "काका, आपली फॅमिली मूळची कुठली? एकदम सुरुवातीपासून सांगा." पोरं पुढं सरकली. काका हौसेनं सांगायला लागले. आमचा मूळ पुरुष घाटावरून उतरला. बरोबर बायको आणि शेरडं. खाली नदीकाठी लोकांनी त्याला टिकू दिलं नाही, म्हणून तो वर चढत गेला. एका जागी कातळातून झरा वाहत होता, भर वैशाखातसुद्धा. त्याची बायको त्या झऱ्यापाशी बसली आणि म्हणाली, मी आता इथून उठायची नाही. झाली वाडी.

"वॉव," विरारचा दादा म्हणाला. "म्हणजे पाण्यासाठी आपण इथं आलो."

"हां. त्याच पान्यानं डोंगर फोडला," काका म्हणाले.

दादानं फोन बंद केला. मग पंगत मांडायची वेळ झाली म्हणून सगळे उठले.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. भात कापून झालेलं होतं, खाचरांतून चालताना सड पायाला टोचत होते. पिवळ्या टी-शर्टांची रांग पुढं, टेम्पोतली अवजारं दोघातिघांनी वाटून घेतलेली. विरारच्या दादाला ती अवजारं झाडं लावायला आहेत असं वाटत होतं. रांगेच्या शेवटी काका डोक्यावर टोपली घेऊन चालत होते. टोपलीत पान, पानावर सगळं वाढलेलं, वर पांढरं फडकं. मी टोपली मागितली तर दिली नाही. त्यांना धाप लागत होती, तरी मध्ये कुठंही टेकले नाहीत. पुढच्यांच्या खांद्यांवरची फावडी त्यांना दिसत नव्हती असं नाही.

वर पोचलो आणि पोरांचा आवाज बंद झाला. त्यांनी फोटोत बघितलं असणार, पण फोटोत त्याचा पसारा येत नाही. डोंगराच्या अंगावर वरपासून खालपर्यंत तांबडा चट्टा, त्यात धोंडे, उलटी झालेली झाडाची मुळं, आणि मध्येच कुठंतरी उगवलेलं गवत. माझा जन्म इथला. आमचं अंगण, काकीचं परसू, गोठा, सगळं या चट्ट्यात कुठं होतं ते मला दाखवता येईना. मुंबईहून आलेली एक भाची विचारत होती, "मावशी, तुझं घर कुठंय?" मी हातानं कुठंतरी दाखवलं.

काकांनी टोपली एका धोंड्यावर टेकवली. मग भावाकडं बघून विचारलं, "फावडी कशाला?"

भाऊ खाली मान घालून म्हणाला, "बाबा, सगळे आलेत. आज एक दिवस सगळ्यांनी मिळून काढू. घरापर्यंत जाऊ आपण."

"वाडी दाखवायची म्हनलास तू."

"हीच की वाडी. सगळ्यांना दाखवतोय ना."

काकांनी त्या तांबड्या उतारावरून सावकाश नजर फिरवली. "ही?" ते म्हणाले. "ही कुटं हाय वाडी?"

खाली झाकून ठेवलेला गैरसमज इथं उघडा पडला होता आणि त्याचं काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं. काका धोंड्याशेजारी बसले. टोपलीवरचं फडकं वाऱ्यानं उडत होतं, त्यावर त्यांनी हात ठेवला. भाऊ त्यांच्याकडं पाठ करून उतारात शिरला आणि त्यानं पहार मारली. त्याला एकट्याला करू द्यायची लाज वाटली म्हणून असेल, दादानं फावडं उचललं. मग बाकीचेही गेले. जरा वेळानं सगळी भावकी उकरत होती. 'आपली माती' घामानं पाठीला चिकटली होती. कुणी ओरडून काही सांगत नव्हतं, फक्त पहारींचा आवाज. एकाला कौलाचा तुकडा सापडला, तो त्यानं भावाला नेऊन दिला. भावानं तो हातानं पुसला, खिशात घातला आणि पुन्हा वाकला.

मी काकांजवळ बसले होते. त्यांना म्हटलं, "सांगा ना त्याला, बस झालं म्हणून."

"किती येळा सांगू?" ते म्हणाले.

वरून आधी खडे आले. मग एक धोंडा सुटला, माणसाच्या छातीएवढा, आणि उकरणाऱ्यांच्या मधून खाली गेला. विरारचा दादा बाजूला कोलमडला, एक वहिनी किंचाळली. भाऊ होता त्या जागेवरून हलला नव्हता. धोंडा त्याच्या डाव्या हाताला वारा देऊन गेला आणि खाली बऱ्याच अंतरावर जाऊन थांबला. त्याच्या मागून माती बराच वेळ सुळसुळत राहिली.

काका उठले नाहीत. ओरडले नाहीत. मी त्यांच्या दंडाला धरलं होतं. धुरळा बसल्यावर ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ये रे इकडं."

भाऊ आला. काकांनी टोपलीवरचं फडकं काढलं. "मला आता उचलून न्यायला दुसरं कोन नाय," ते म्हणाले. "तू हितं ऱ्हायलास तर मी कुनाच्या खांद्यावर जाऊ? दाखव आईला वाडी."

भाऊ पानाकडं बघत राहिला. बोंबलाची चटणी, भाकरी, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी द्रोणात. मग त्यानं हात अंगावर पुसले, पान उचललं आणि इकडंतिकडं बघायला लागला. वाडी कौलावर ठेवतात. इथं कौल त्याच्या खिशात होतं. काकांनी एका सपाट धोंड्याकडं बोट केलं, तिथं त्यानं पान ठेवलं, पाणी फिरवलं आणि हात जोडले. आम्ही सगळे मागं सरकून उभे राहिलो.

कावळा आला नाही. ऊन चढलं, पोरं भुकेजली, तरी आला नाही. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, आणि ते ओळखून शब्द द्यावा लागतो, हे मुंबईकरसुद्धा विसरलेले नव्हते. दादा पुढं झाला आणि म्हणाला, "काकी, आम्ही दरवर्षी येऊ." वहिनी म्हणाल्या, काकांना आम्ही सांभाळू. कुणी म्हणालं, इथं तुमच्या नावानं मंदिर बांधू. माझीही पाळी आली तेव्हा मी काहीतरी पुटपुटले, ते आता आठवत नाही. प्रत्येक शब्दानंतर सगळे आभाळाकडं बघायचे. एकानं फोनवर कावळ्याचा आवाज लावून बघायचा प्रयत्न केला, पण तिथं नेटवर्क नव्हतं. आभाळ रिकामं ते रिकामंच.

काका फक्त पोराकडं बघत होते.

शेवटी भाऊ धोंड्यापाशी उकिडवा बसला. आपण चुलीपाशी बसलेल्या माणसाशी बोलतो तेवढ्या हळू आवाजात म्हणाला, "आई, मला नाही सापडलीस तू. मी खूप शोधली." त्याचे खांदे हलत होते. "आता मी वर येणार नाही. तुला शोधणार नाही. बाबांच्या गळ्याची शपथ."

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. कावळा तेव्हाही आला नाही.

पण काका उठले. गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले, कपडे झटकले. "चला," ते म्हणाले. "पोरं भुकेली हायत. खाली जाऊन जेवा."

"अहो काका, पण अजून शिवला कुठं?" दादा म्हणाला. "दर्भाचा कावळा करून तरी..."

"हितं कावळा कुटला?" काका म्हणाले. "मानसं गेली तवाच कावळे पन खाली गेले. खाली वसाहतीत मरनाचे हायत. हितं एक नाय."

भावानं मान वर केली. मीही काकांकडं बघत राहिले. जन्मभर या डोंगरावर गुरं चारलेल्या माणसानं टोपली उचलताना, ती डोक्यावर घेऊन धापा टाकत चढताना, हे ओळखलेलंच होतं. खालीच पान ठेवलं असतं तर पहिल्या झटक्यात कावळा आला असता, भावानं हात जोडले असते आणि पुढच्या सुट्टीत पहार घेऊन पुन्हा वर आला असता.

"तुम्हाला ठाऊक होतं, बाबा?" भावानं विचारलं.

"तुज्या तोंडून यायला पायजे होतं," काका म्हणाले. "आता आलं."

मला वाटलं, भाऊ चिडेल. तो चिडला नाही, रडलाही नाही. त्यानं खिशातला कौलाचा तुकडा काढला, पानाशेजारी ठेवला आणि वाटेला लागला. एकदाही मागं बघितलं नाही. त्याच्या मागून बाकीचे निघाले. अवजारं तिथंच पडली होती, ती घ्यायला कुणी परत गेलं नाही.

मी काकांना हात द्यायला थांबले. ते पानापाशी वाकले होते. उडणारं फडकं त्यांनी पानाच्या एका कडेला दगडाखाली नीट दाबलं, द्रोण कलंडत होता तो सरळ केला. मी तिथं आहे हे ते विसरले असावेत.

"जेव गो," ते म्हणाले. "आता तुला उकरायला कोन येनार नाय."

मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही उतरायला लागलो.